नमुन्यातलं पाखरू

कुपवाडच्या एमआयडीसीत कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहून विचारा, की हुबेहूब करून देणारा माणूस कोण? गाळणं झटकणारा चहावाला मान वर न करता सांगेल, "नाथाजी मिस्त्री, दुसरं कोण!" साखर कारखान्याचा पंप फुटू दे, हळद पॉलिश करायच्या ड्रमची कड तडकू दे, मशीन जपानचं असो नाहीतर कधीच बुडालेल्या कुठल्या कंपनीचं असो. मोडका तुकडा सिमेंटच्या पिशवीत घालायचा, गाडीच्या पुढ्यात ठेवायचा आणि उदयसिंहांच्या फाउंड्रीत न्यायचा. मिस्त्री तो तुकडा मांडीवर घेत, डोळे मिटत आणि त्याच्यावरून बोटं फिरवत. जुनी सुईण पोटावरून हात फिरवते तशी. मग म्हणत, "ठेवा. हुतंय."

मिस्त्रींचं काम लाकडाचं, पण त्यातून बाहेर पडायचं लोखंड. ते सागाच्या लाकडात वस्तूचा पॅटर्न कोरत. तो पॅटर्न वाळूत दाबून ठसा घ्यायचा, ठशात भट्टीतला रस ओतायचा, की वस्तू तयार. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा करावा लागतो. तो किती मोठा, हे शिकायला माणसाची निम्मी हयात जाते आणि उरलेली निम्मी ते हाताला बसायला जाते. मिस्त्रींची दोन्ही झाली होती.

तुकडा मुळात कुणी बनवलेला, हा प्रश्न मात्र कुपवाडात कुणी कधी विचारला नाही. विचारणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. मोडलेल्या वस्तूला जोडीदार करून द्यायचा, त्यात चोरी ती कसली? अडलेल्याचं चाक फिरतं केलं, हे पुण्याचंच काम, अशी आमच्याकडची समजूत. एवढं सगळं होऊनही ती पार चुकीची होती असं म्हणवत नाही.

मिस्त्री मूळचे औंधच्या डोंगराखालच्या गावातले, सुताराचे. ट्रॅक्टर आले, बैलगाड्या गेल्या, औतं गेली. बापानं लाकूड तासायचा वाकस खुंटीला टांगला आणि पोराला सांगलीकडं धाडलं. कुपवाडात हंबीरराव म्हणून एक खडूस पॅटर्नमेकर होते, त्यांच्या हाताखाली पोरगं लागलं. पहिल्या वर्षी मिरजेच्या एका तेलघाण्याचं झाकण आलं होतं. त्याच्या आतल्या अंगाला दाण्याएवढा एक उंचवटा होता. नाथाजीला वाटलं, ओतकामात राहिलेली घाण असेल, म्हणून पॅटर्न करताना त्यानं तो गाळला. झाकणं ओतून झाली, बसवायला नेली, आणि एकही बसेना. तो उंचवटा म्हणजे आतल्या नळीचा टेकू होता. सगळा माल परत भट्टीत गेला. हंबीररावांनी मारलं नाही. त्यांनी नमुना नाथाजीच्या हातात दिला, डोळ्यांवर पंचा बांधला आणि म्हणाले, "चाचपत बस. नमुना शहाणा, आपण येडं. त्यात जे हाय ते समदं करायचं. आपल्या मनाचं घालायचं न्हाई आन् आपल्या मनानं काढायचं बी न्हाई."

दिवसभर पोरगं आंधळ्यासारखं चाचपत बसलं. त्या दिवसापासून नाथाजी मिस्त्रींनी नमुन्यातली एकही रेघ गाळली नाही. त्यांचं नाव त्यावरच झालं, आणि ते बुडालंही त्यावरच.

उदयसिंह म्हणजे फाउंड्रीचे मालक. शेतकऱ्याचा मुलगा, वडील फौजेत सुभेदार. वडिलांच्या फंडावर आणि उसाच्या जोरावर त्यांनी भट्टी उभी केली. मिस्त्री त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून. मालक त्यांना "मिस्त्री" म्हणत आणि मिस्त्री त्यांना "दादा" म्हणत, वयानं ते मिस्त्रींपेक्षा लहान असले तरी. उदयसिंहांची मुलगी सृष्टी इंजिनिअर होऊन आली आणि ऑफिसात बसायला लागली. तिनंच बापाला म्हटलं, "बाबा, किती दिवस घाण्याची झाकणं करत बसायचं? बाहेर पाठवू या." बाहेर म्हणजे कोल्हापूरला नव्हे, समुद्रापार.

बाप-लेक पुण्याला एका प्रदर्शनात गेले आणि युरोपातला एक व्यापारी गाठून आले. जुन्या पंपांचे सुटे भाग विकण्याचा त्याचा धंदा. काही दिवसांनी त्याच्याकडून खोक्यात एक नमुना आला. पंपाचं झाकण, ताटाएवढं, जुनं, पण काय देखणं! बरोबर चिठ्ठी होती. सृष्टीनं ती वाचून दाखवली, "अगदी असंच हवं, असं म्हणतायत."

मिस्त्री हसले. अगदी असंच सोडून दुसरं काही त्यांना येत होतं कुठं?

त्यांनी झाकण मांडीवर घेतलं, डोळे मिटले, बोटं फिरवली. बाहेरून, आतून, कडेनं. आतल्या अंगाला, कडेच्या जवळ, बोटं थांबली. डोळे उघडून त्यांनी पाहिलं. एक गोल आणि त्यात पंख पसरलेलं पाखरू, अंगठ्याच्या नखाएवढं. अक्षर एकही नाही. चोच, डोळा, पंखांची पिसंसुद्धा निराळी. मिस्त्रींना त्या अनोळखी कारागिराचं कौतुक वाटलं. जिथं कुणी बघणार नाही अशा जागी एवढी नजाकत! त्यांनी मनातल्या मनात त्याला रामराम घातला आणि कामाला लागले.

झाकणाचा बाकी पॅटर्न झटकन झाला. वेळ खाल्ला तो पाखरानं. मिस्त्रींनी त्यासाठी छत्रीच्या काडीला धार लावून बारकी पटाशी बनवली. एक पीस निसटलं म्हणून सगळं तासून पुन्हा कोरलं. राहीबाई, त्यांची बायको, म्हणायची, "आवं, पोराच्या बारशाला तरी एवढं जागला व्हता का तुमी?" तयार झाल्यावर पॅटर्न उदयसिंहांनी हातात घेतला, पाखरू पाहिलं आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, ओरिजनल बी लाजंल हो!" सृष्टीनंही पाहिलं. वाळूत ठसे घेणाऱ्या मोल्डरांनी पाहिलं. सगळ्यांनी वाहवा केली. म्हणजे हे काही अंधारात झालं नव्हतं. साऱ्या फाउंड्रीनं उघड्या डोळ्यांनी केलं.

खंडेनवमीला कुपवाडात हत्यारांची पूजा असते. कुणी लेथला हार घालतं, कुणी भट्टीला. मिस्त्रींची रीत अशी, की रंधा, पटाशी, करवत यांच्याबरोबर वर्षातला सगळ्यात मनासारखा उतरलेला पॅटर्न पाटावर मांडायचा आणि त्याला कुंकू लावायचं. मग तो पॅटर्न पोटमाळ्यावर ठेवायचा, पुन्हा काम आलं तर काढायचा. मोडायचा नाही, जाळायचा तर नाहीच नाही. त्या वर्षी पाटावर झाकणाचा पॅटर्न बसला. मिस्त्रींनी पाखराच्या कपाळी कुंकवाचा ठिपका दिला.

कंटेनर निघाला तेव्हा फाउंड्रीच्या दारात मांडव घालायचा तेवढा राहिला होता. ट्रकला झेंडूचे हार, नारळ, पेढे. उदयसिंहांच्या म्हाताऱ्या सुभेदार वडिलांनी ट्रकला चक्क सॅल्यूट ठोकला. ह्या पहिल्या मालावर सगळं अवलंबून होतं. तो पसंत पडला तर वर्षभर भट्टी निवणार नाही असं काम मिळणार होतं, आणि त्या भरवशावर उदयसिंहांनी मोल्डिंगला नवी माणसं घेतली होती. मिस्त्री गावाकडं फोन लावून सांगत होते, "माझ्या हातचं जहाजात बसलं, गड्या!"

मग एके सकाळी सृष्टी ऑफिसातून बाहेर आली, आणि तिचा चेहरा पाहून मोल्डरांचे हात वाळूतच राहिले.

"माल बंदरावर अडवलाय," ती म्हणाली.

मिस्त्री हातातला रंधा ठेवून पुढं आले. त्यांना वाटलं, झाकणात हवेचं भोक राहिलं असणार. "कोणत्या ओतणीतला माल, पोरी? कुठं पोकळ निघाला?"

"पोकळ नाही, काका. मालात काही दोष नाही." तिनं हातातला कागद उलगडला. "त्यावर ते पाखरू आहे ना, ते एका कंपनीचं आहे. त्या पंपाच्या मूळ कंपनीचं. त्यांनी ते नोंदवलेलं आहे. ते चिन्ह दुसऱ्या कुणी लावलं, की त्या मालाला कायदा नकली म्हणतो."

"आन् झाकण?"

"झाकण कुणीही करावं. त्याच्या आकारावर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही. तो सुट्या भागांचा धंदा तिथं राजरोस चालतो. पाखरू नसतं, तर माल कालच सुटला असता."

मिस्त्री तिथंच उलट्या बादलीवर बसले. नकली! आयुष्यभर ज्याला लोकांनी हुबेहूब म्हणून डोक्यावर घेतलं, त्यालाच सातासमुद्रापलीकडं नकली म्हणतात, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा जास्तच लागलं. "नमुना त्येंनीच धाडला व्हता की," ते कसंबसं म्हणाले. "असंच पायजे म्हनलं."

"आता तो व्यापारी म्हणतो, भाग असाच हवा म्हणालो, चिन्ह लावा असं कुठं म्हणालो? आणि खरंच, चिठ्ठीत तसं नाहीये."

सगळे उदयसिंहांकडं बघत होते. ते चिडले असते, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. उदयसिंहांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, मी बी बघितलं व्हतं. समद्यांनी बघितलं व्हतं." आणि आत निघून गेले. त्या हाताचं ओझं मिस्त्रींना पुढं कधी उतरवता आलं नाही.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी मात्र ते तरतरीत होऊन आले. त्यांना तोड सापडली होती. ते थेट सृष्टीच्या टेबलापुढं उभे राहिले आणि पंचात गुंडाळलेली कानस तिच्यापुढं ठेवली.

"पोरी, पासपोर्ट काढायला काय काय लागतं?"

"कशाला, काका?"

"मी जातो तिथं. पाखरू केवढं? नखाएवढं. ह्या कानशीचे चार हात मारले की सपाट. चहा निवायच्या आत एक झाकण मोकळं करून देतो. बंदरावरच बसतो, त्यास्नी म्हणावं पायजे तर शिपाई उभा करा माज्याजवळ. जेवायला बी काय नको त्येंचं."

सृष्टीला हसू यावं की रडू, कळेना. पण पोरगी मनाची चांगली. तिनं मिस्त्रींना हसण्यावारी नेलं नाही. तिनं त्या कंपनीच्या वकिलाला आणि बंदरावरच्या ऑफिसला लिहिलं, की चूक आमच्या अज्ञानातून झाली, चिन्ह आम्ही आमच्या खर्चानं काढून देतो, माल सोडावा.

उत्तर येईपर्यंत मिस्त्री आशेवर जगले. मिरजेच्या स्टुडिओत जाऊन पांढऱ्या पडद्यापुढं फोटो काढून आले. राहीबाईनं त्यांचा लग्नकार्यातला सदरा इस्त्री केला आणि विचारलं, "तिकडं शेंगाची चटणी न्यायला चालती का?" गाड्यावर चहा पिताना पोरं चिडवायची, "काय मिस्त्री, कवा उडताय? पाखराला पंख फुटलं म्हणं!" मिस्त्रीही हसून म्हणायचे, "चिडवा, गड्यांनो. येताना साबण आणतो तुमाला." त्यांना मनापासून वाटत होतं, की एवढी साधी गोष्ट आहे, समजावून सांगितली की कुणालाही पटेल. कामाच्या माणसाचं काम कामाच्या माणसाला कळतं, मग तो कुठल्या का देशाचा असेना.

उत्तर आलं ते इवलंसं होतं. सृष्टीनं ते दोनदा वाचलं, मग मिस्त्रींना बोलावलं.

"नुसतं चिन्ह काढलं म्हणून माल सोडता येत नाही, असं कळवलंय त्यांनी."

"का पण?"

"नियमच तसा आहे, काका. उद्या पकडला गेलेला प्रत्येकजण म्हणेल, घासून देतो आणि सोडा. मग नकली माल करणाऱ्याला भीती कशाची? म्हणून सगळ्या देशांनी एकत्र बसून करार केलाय. त्यातच लिहिलंय, अगदी अपवाद सोडला, तर नुसतं घासून भागत नाही. आपल्या देशानंही त्यावर सही केलेली आहे. करार मोडला तर व्यापारच बंद पडायचा."

मिस्त्रींनी टेबलावरची कानस हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "आपल्याकडनं सहीला कोण गेलं व्हतं?"

"दिल्लीचे लोक असतील. मी तेव्हा जन्मलेही नव्हते."

"त्यात कोण कानस चालवणारा व्हता का?"

सृष्टीनं नाही म्हणून मान हलवली. नियमात खोट काढावी असंही काही नव्हतं, हीच तर खरी पंचाईत. चोराला धाक हवा, हे मिस्त्रींनाही पटत होतं. हंबीररावांच्या नावानं कुणी भलताच पॅटर्न खपवला असता, तर मिस्त्रींनीच त्याची गचांडी धरली असती. पण इथं चोर कोण होता? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं म्हणावं तर मुद्देमाल संन्याशाच्याच हातात. भांडायचं तर कुणाशी, आणि कुठल्या तोंडानं? मिस्त्रींनी कानस पुन्हा पंचात गुंडाळली आणि गुपचूप आपल्या जागी जाऊन बसले.

बात एवढ्यावर थांबली असती, तरी माणसानं गिळली असती. पण कुपवाडातून त्या बंदराकडं जाणाऱ्या दुसऱ्यांच्या मालाचीही खोकी तिथले अधिकारी उघडायला लागले. पलीकडच्या गाळ्यातला जयराज पाण्याच्या लाईनीचे व्हॉल्व्ह पाठवायचा. त्याच्या मालावर कुणाचंही चिन्ह नव्हतं, तरी तो तपासणीसाठी बंदरावर पडून राहिला आणि गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. मग कारखानदारांनी आपल्या संघटनेच्या हॉलमध्ये बैठक घेतली. पुण्याहून एक सल्लागार बाई आल्या होत्या, क्षमा म्हणून. त्यांनी नीट समजावून सांगितलं.

"सध्या आपल्या आणि त्यांच्या सरकारची व्यापाराची बोलणी चालू आहेत," त्या म्हणाल्या. "आपण म्हणतो, आमच्या मालावरचा कर कमी करा. ते म्हणतात, आधी आमच्या चिन्हांची नक्कल थांबवा. अशा वेळी असा एक कंटेनर सापडला, की तो टेबलावर आपल्यापुढं नाचवला जातो. माल छोटा असतो, पण त्याची गोष्ट मोठी होते."

मिस्त्री शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. बाईंनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तरी एकेक करून माना मागं वळल्या. बाहेर पडताना जयराज त्यांच्याजवळ थांबला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याचंही पोट त्यावर होतं. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुमच्या पाखरानं आमच्या खळ्यातलं बी दाणं टिपलं बघा."

मिस्त्रींनी हात जोडले. दुसरं करण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतंच. दिल्लीत कोण बसलंय, परदेशात कोण बसलंय, त्यांच्या बोलण्यात कुपवाडचं नाव आलं की नाही, हे त्यांना कुठून कळणार? त्यांना एवढंच दिसत होतं, की आपण एक पाखरू कोरलं आणि शेजाऱ्याचं धान्य गेलं.

शेवटी कंपनीच्या वकिलानं कळवलं, की माल तिथंच तोडून वितळवला जाईल. चूक एकदाच झालेली दिसते, तेव्हा दावा लावणार नाही, पण दोन अटी. पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्यायचं. आणि ज्यावरून माल ओतला, तो पॅटर्न वकिलासमोर नष्ट करायचा, त्याचा व्हिडिओ पाठवायचा.

"पॅटर्नवरचं पाखरू तेवढं तासून देतो," मिस्त्री म्हणाले. "पॅटर्न राहू द्या, दादा. झाकण कुणाच्या बी बापाचं न्हाई असं पोरगीच म्हणत व्हती."

उदयसिंहांनी सृष्टीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. "पूर्ण पॅटर्न, असं लिहिलंय, काका. भांडता येईल, पण त्यात वर्ष जाईल. तोवर दुसरं कुणी आपल्याला दारात उभं करणार नाही."

कंपनीच्या बाजूनं शौनक नावाचा तरुण वकील पुण्याहून आला. अगदी सज्जन मुलगा. बूट दाराबाहेर काढून आत आला, पाणी दिलं तेव्हा "थँक्यू, काका" म्हणाला. त्याच्यावर राग धरावा असंही त्यानं काही केलं नाही. मिस्त्रींनी पोटमाळ्यावरून पॅटर्न उतरवला आणि बाकावर ठेवला. सृष्टीनं मोबाईल धरला. उदयसिंह "आलोच" म्हणून भट्टीकडं गेले, ते आलेच नाहीत.

शौनकनं वाकून पाहिलं. "काका, तो लाल ठिपका तेवढा पुसाल का? चिन्ह व्हिडिओत स्वच्छ दिसायला हवं."

खंडेनवमीचं कुंकू ते. लावलेलं कुंकू पुसायचं म्हणजे काय, हे त्या पोराला माहीत नसेल का? असेलही. पण त्याला वरून सांगितलेलं काम करायचं होतं. मिस्त्रींनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याचं टोक तोंडातल्या ओलाव्यानं ओलं केलं आणि पाखराच्या कपाळावरचा ठिपका पुसला. राहीबाई जवळ असती तर तिनं त्यांचा हात धरला असता.

मग करवत लावली. सागाचा वास पसरला. करवत चालत गेली आणि पॅटर्नचे दोन भाग होऊन बाकावर पडले. शौनकनं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. करवत पाखराला वळसा घालून गेली होती. पाखरू एका तुकड्यावर आख्खंच्या आख्खं, पंख पसरून बसलं होतं.

"काका..." शौनक चाचरला. "चिन्हच ओळखू येता कामा नये, असं आहे."

"हात गेला तिकडनं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. नमुन्याला जपायची सवय झालेला तो हात, डोळ्याच्या आधी वळला होता. त्यांनी छत्रीच्या काडीची पटाशी घेतली. जिनं एकेक पीस घडवलं होतं, तिनंच मिस्त्री एकेक पीस तासायला लागले. चोच गेली, डोळा गेला, पंख गेले. मिस्त्री रडले नाहीत. त्यांना रडूही येईना, इतके ते आतून रिकामे झाले होते.

काही दिवसांनी व्यापाऱ्यानं तिकडचा व्हिडिओ पाठवला. झाकणं एका मोठ्या यंत्राखाली फुटत होती. मिस्त्रींनी मोबाईल डोळ्याजवळ धरून पाहिला. "तुटल्याली कड बघा, दादा," ते उदयसिंहांना म्हणाले. "कुठं एक भोक न्हाई. माल लय चांगला व्हता." उदयसिंहांनी हो म्हटलं. नवी घेतलेली माणसं तोवर निघून गेली होती. त्यांच्यातला साईराज शिरवळला एका कंपनीत लागला. जाताना तो मिस्त्रींच्या पाया पडला, हेही मिस्त्रींना सोसवेना.

मग फाउंड्री पुन्हा घाण्याची झाकणं ओतायला लागली. मोडके तुकडे यायचे, पण मिस्त्रींचं "ठेवा, हुतंय" गेलं. ते तुकडा उलटापालटा करायचे आणि एखादी रेघ दिसली की विचारायचे, "ही कुणाची? त्यास्नी इचारलंय का?" शेतकरी चक्रावून म्हणायचा, "आवं मिस्त्री, ओरखडा हाय तो!" गाड्यावरची पोरं आता चिडवत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

पावसाळा सरता सरता आखातातून एक लहानशी चौकशी आली. सृष्टीनंच चिकाटीनं मिळवली होती. अट एकच, की प्रत्येक नगावर ओतणाऱ्या कारखान्याची स्वतःची खूण हवी, म्हणजे माल कुणाचा ते कळेल. उदयसिंह किती दिवसांनी मिस्त्रींच्या बाकाशी येऊन बसले. "मिस्त्री, आता आपली खूण करा. आपली सोताची. सृष्टी ती नोंदवून घेती. मग कुणाच्या बापाला भ्यायला नको."

मिस्त्रींनी सागाची गुळगुळीत फळी घेतली. पेन्सिल कानावरून काढली. आपली खूण म्हणजे काय, ह्याचा त्यांनी जन्मात कधी विचार केला नव्हता. जगभरच्या कारागिरांच्या रेघा त्यांच्या बोटांतून गेल्या होत्या. त्यांत स्वतःची एकही नव्हती. आपल्या मनाचं घालायचं नाही, हेच तर ते शिकले होते. गावाकडच्या यमाईचा डोंगर काढावा म्हटलं, तर दोन रेघा होऊन बसल्या. ऊस काढला, तो काठीसारखा दिसायला लागला. पुसलं. पुन्हा काढलं. हात थोडा सैल सोडला, तशी पेन्सिल आपोआप फिरली. एक गोल, त्यात चोच, डोळा, पसरलेले पंख. एकही पीस चुकलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी घाईघाईनं फळी पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"झालं का, काका?" सृष्टीनं दारातून विचारलं.

मिस्त्रींनी फळी पालथी करून छातीशी धरली. "आजून न्हाई, पोरी," ते म्हणाले. "कायतरी नमुना आणून दे की."